मॅन्युअल फोकस लेन्सने मक्यातल्या अळीचा फोटो: डोकं शार्प कसं आणायचं?

मका_भोकरदन
नमस्कार मंडळी. मक्याच्या पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) सापडलेली अळी अमेरिकन लष्करीच आहे का, हे फोटोवरून ठरवता यावं, म्हणून हा धागा. डोक्यावरचा उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडचे चार ठिपके दिसले पाहिजेत. फोटो कृषी सहायकांना आणि गावच्या ग्रुपवर जाणार आहे.
साहित्य: निकॉन डी5600, जुनी मायक्रो-निकॉर 55 मिमी एफ/2.8 एआय-एस (पूर्ण मॅन्युअल) आणि पीके-13 एक्स्टेंशन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी, भिंग नसलेली नळी).
अडचणी तीन. रिंग फिरवून फोकस जुळेपर्यंत अळी सरकते. या लेन्सवर कॅमेरा प्रकाश मोजत नाही. एफ/16 वर (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बारीक केलं की) सगळं काळं येतं आणि शटर 1/60 वर आणलं की हलतं. ऑटोफोकसची मॅक्रो घ्या हा सल्ला कृपया नको, बजेट नाही.

बीडचा_भुंगा
ऑटोफोकसची मॅक्रो घ्या.
(पळालो.)

रानवाट
भुंग्या, धागा निघून दहा मिनिटं नाही झाली राव.
भोकरदनकर, पहिल्या अडचणीचं उत्तर सोपं आहे: रिंग फिरवायचीच नाही. रिंगवर आधी मॅग्निफिकेशन (वस्तू सेन्सरवर किती मोठी उमटते ते) ठरवा आणि तिथेच सोडा. मग कॅमेऱ्यासकट स्वतः पुढे-मागे व्हा. व्ह्यूफाइंडरमध्ये डोकं धूसरातून स्पष्ट होत येतं, पूर्ण स्पष्ट व्हायच्या किंचित आधी बटण दाबा, कारण बोट दाबेपर्यंत अंग आणखी पुढे गेलेलं असतं. एका झोक्यात चार-पाच फ्रेम घ्या, एखादी नक्की बसते. या कामात फोकसची रिंग खरं तर झूमच्या रिंगसारखी वापरायची असते.

भिंगवाला
रानवाट यांना +१. पण त्याआधी मूळ प्रश्न: ट्यूब कशाला लावली?
गणित बघा. 55 मिमीची ही लेन्स एकटी 1:2 पर्यंत, म्हणजे सेन्सरवर वस्तूच्या निम्म्या मापापर्यंत जाते. पीके-13 ची जाडी 27.5 मिमी, म्हणजे 55 च्या निम्मी, म्हणून ती लावली की आणखी अर्धा वाढून 1:1 होतं. आता डी5600 चा सेन्सर 23.5 मिमी रुंद. 1:1 वर फ्रेममध्ये मावते फक्त 23.5 मिमीची वस्तू. पूर्ण वाढलेली लष्करी अळी 30 ते 40 मिमीची. म्हणजे डोकं आणि शेपटीकडचे ठिपके एका फोटोत येणारच नाहीत, कितीही आटापिटा केला तरी.
ट्यूब काढा. 1:2 वर फ्रेम 47 मिमी रुंद होते, अख्खी अळी आडवी मावते. डोकं साधारण 2.5 ते 2.8 मिमीचं. 6000 पिक्सेल 47 मिमीवर पसरले तर मिलिमीटरला 127 पडतात, म्हणजे डोक्याच्या वाट्याला सव्वातीनशे-साडेतीनशे पिक्सेल. तेवढ्यात वाय स्वच्छ दिसतो.
खरा फायदा डेप्थ ऑफ फील्डचा (पुढे-मागे किती जाडीचा भाग शार्प येतो, त्याचा). एफ/8 वर 1:1 ला ती जेमतेम 0.6 मिमी असते, 1:2 ला 1.9 मिमी. तिप्पट. लेन्सच्या तोंडापासून अळीपर्यंत जागाही पाच सेंटिमीटरवरून दहाच्या आसपास जाते, उजेड आत यायला वाट मिळते.

मका_भोकरदन
हे डोक्यातच आलं नव्हतं. 1:1 नसेल तर मॅक्रो नाही असंच सगळीकडं वाचलंय.

भिंगवाला
ते डबीवर छापायला बरं असतं. आपल्याला काय दाखवायचंय त्यावर मॅग्निफिकेशन ठरवायचं.

परभणीची_पोर
विषयाच्या बाजूने एक महत्त्वाचं. नुसत्या वायवर भरवसा ठेवू नका. उलट्या वायची फिकट रेघ इतर काही अळ्यांच्या डोक्यावरही दिसते. ओळख पक्की होते ती शेपटीकडच्या, शेवटून दुसऱ्या खंडावरच्या चार काळ्या ठिपक्यांनी. ते चौरसाच्या चार कोपऱ्यांवर असल्यासारखे बसतात. आधीच्या खंडांवरही चार-चार ठिपके असतात, पण तिथे पुढचे दोन जवळ आणि मागचे दोन लांब, म्हणजे समलंब आकार. हा फरक दिसायचा तर फोटो बरोबर वरून, पाठीच्या समांतर हवा. तिरका काढला की चौरसाचाही समलंब होतो आणि फोटो असून नसून सारखा.
दुसरं, एकदम लहान अळीवर या खुणा नीट उमटलेल्या नसतात. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा दिसते तिथली मोठी अळी शोधा. त्या एकमेकींना खातात, म्हणून मोठी अळी पोंग्यात बहुधा एकटीच सापडते.

मोसंबीवाला
वाचायलोय. लई कामाचा धागा. ताई, सोयाबीनवरली उंटअळी अन् तंबाखूवरली पानं खाणारी अळी यांचंबी असं कायतरी सांगा ना.

परभणीची_पोर
दादा, त्याचा वेगळा धागा काढा, तिथे लिहिते. एवढं बघून ठेवा: उंटअळी चालताना पाठीची कमान करते, कारण पोटाखाली मधल्या पायांच्या जोड्या कमी असतात. तिचा फोटो बाजूने घ्यायचा, वरून नाही. वरून पाय मोजता येत नाहीत.

नांदेडी
प्रकाशमापनाचं कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहितो.
डी5600 वर एआय-एस लेन्सला मीटर चालत नाही, एम (मॅन्युअल) मोडशिवाय पर्याय नाही. तरी घाबरायचं कारण नाही. निरभ्र उन्हात आयएसओ 200 ला एफ/16 आणि 1/200, हा जुना ठोकताळा. मॅक्रोत लेन्स सेन्सरपासून लांब जाते, तेवढा उजेड घटतो: 1:1 ला दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), 1:2 ला एकाहून थोडा जास्त. म्हणून उन्हात 1:2 ला एफ/11 आणि 1/200 पासून सुरुवात करा, 1:1 ला एफ/8. सावलीत आणखी तीनेक स्टॉप जातात, आणि पोंगा म्हणजे सावलीच. तुमचं एफ/16 काळं यायचं कारण हेच.
एफ/16 तसंही नको. 1:1 वर रिंगवरचं एफ/16 प्रत्यक्षात एफ/32 असतं, कारण प्रत्यक्ष आकडा म्हणजे रिंगवरचा आकडा गुणिले (1 + मॅग्निफिकेशन). एवढ्या बारीक छिद्रातून डिफ्रॅक्शनमुळे (प्रकाश छिद्राच्या कडेला पसरल्यामुळे) सगळं चित्रच मऊ पडतं. 1:2 ला एफ/8 ते एफ/11, 1:1 ला एफ/5.6 ते एफ/8, याच्या पुढं जाऊ नका.

रानवाट
नांदेडी, आकडे बरोबर, पण सावलीतल्या पोंग्यात उन्हाचा हिशोब काय कामाचा? आयएसओ 1600 केलं तरी शटर जेमतेम 1/200 येणार, आणि दहा सेंटिमीटरवरून हातात ते हलणारच. इथे फ्लॅशला पर्याय नाही.

नांदेडी
फ्लॅशने अळी चमकते. अंगावर पांढरे डाग पडतात आणि ठिपकेच दिसत नाहीत. सकाळचा मऊ उजेड आणि ट्रायपॉड, बस्स.

रानवाट
ट्रायपॉडने कॅमेरा हलायचा थांबेल, मका थांबेल का? जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की ताट दिवसभर डुलत असतं. डाग पडतात ते उघड्या फ्लॅशने, डिफ्यूझर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) लावलेल्या फ्लॅशने नाही.

बीडचा_भुंगा
सुरू झाली कुस्ती. मी चहा ठेवतो.

कॅमेरा_काका
दोघेही बरोबर, ऋतू वेगळे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव असतं, वारा पडलेला असतो, थंडीनं किडे गारठून बसलेले असतात. तेव्हा ट्रायपॉड आणि नुसता उजेड उत्तम, रब्बीच्या मक्याला हेच करा. ऊन चढून अंग तापलं की किडा पळायला लागतो, म्हणून सूर्य उगवल्यापासून तास-दीड तासात काम उरका. खरिपाच्या मक्यात मात्र फ्लॅशच.
आता फ्लॅशची कृती, सविस्तर.
या लेन्सवर टीटीएल (कॅमेऱ्याने फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं) चालणार नाही, फ्लॅश मॅन्युअलवर ठेवा. डी5600 च्या अंगच्या फ्लॅशलाही मेनूत मॅन्युअल आहे, पण 1:1 ला लेन्सची नळीच त्याचा उजेड अडवते आणि फोटोच्या खालच्या बाजूला काळी सावली पडते. साधा मॅन्युअल बाहेरचा फ्लॅश बरा, तोंड पुढे-खाली झुकवून.
सेटिंग: एम मोड, 1/160, आयएसओ 200, एफ/8, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या 1/16. एक फोटो काढून बघा. काळा आला तर फ्लॅश 1/8, जळाला तर 1/32. एफ आणि शटरला हात लावू नका, फक्त फ्लॅश वर-खाली. 1/16 ताकदीला लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासच टिकतो, म्हणून हात हलला, पान हललं तरी चित्र गोठतं. भर उन्हात मात्र फ्लॅशच्या चित्रामागे उन्हाचं दुसरं पुसट चित्र उमटतं. तेव्हा छत्रीची नाहीतर स्वतःची सावली अळीवर धरा.
डिफ्यूझर: मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, एका टोकाला फ्लॅशच्या डोक्याएवढं भोक, आतून स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, समोरचं तोंड ट्रेसिंग पेपरने बंद. त्यापुढे दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून दुसरा ट्रेसिंग पेपर. ती जागा सोडणं महत्त्वाचं. एकाला एक चिकटवले तर मधे फ्लॅशचा ठळक डाग तसाच राहतो. समोरचा कागद अळीच्या जितका जवळ आणि जितका मोठा, तितका उजेड मऊ. 15 सेंटिमीटर रुंद कागद 10 सेंटिमीटरवर असला की अळीच्या दृष्टीनं अर्धं आभाळच उजळलेलं असतं.

नांदेडी
काका, हे मान्य. उघड्या फ्लॅशबद्दलचं माझं मत कायम.

कॅमेरा_काका
त्याबद्दल वादच नाही.

लातूर_लाइव्ह
काका, मागचं सगळं काळं येतं त्याचं काय? दुपारचा फोटो रात्रीचा वाटतो.

कॅमेरा_काका
फ्लॅशचा उजेड मागे पोचत नाही म्हणून. अळीच्या मागे चार-पाच सेंटिमीटरवर दुसरं मक्याचं पान येईल असा कोन धरा, हिरवी पार्श्वभूमी आपोआप मिळते. नाहीतर आयएसओ 800 करा आणि फ्लॅश दोन स्टॉप खाली, 1/64 वर आणा.

मोसंबीवाला
काका, पान धरायचं कसं? एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात पान, मक्याचं पान तर हात कापतंय.

रानवाट
दादा, डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात पान धरायचं, कडेला नाही, मधल्या शिरेला. लेन्सचं पुढचं टोक त्याच हातावर टेकवायचं. आता पान आणि लेन्स एकाच हातावर आहेत, वारा आला तरी दोन्ही मिळून हलतात, मधलं अंतर बदलत नाही. मग पानाला बोटांनी केसभर मागे-पुढे करून फोकस. उजवी कोपर बरगडीला टेकलेली हवी, श्वास अर्धा सोडून थांबवा.
पान सोडून मोकळं काम करायचं तर बांबूच्या कामटीला जाड तार बांधा, तारेच्या टोकाला कपड्यांचा चिमटा. कामटी मातीत रोवा, चिमट्यात पान.

औसेकर
एवढ्या उपद्व्यापापेक्षा अळी डबीत घालून पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. गप पडती. मग निवांत काढा फोटो.

परभणीची_पोर
नका करू. बाहेर काढल्याबरोबर अंगावर बाष्प जमतं, ठिपक्यांवर पाण्याचे थेंब चकाकतात. अळी आखडून गोळा होते, पाठ सरळ राहत नाही, म्हणजे आपल्याला हवा तोच भाग दुमडतो. ओळखीचाच फोटो हवा असेल तर अळी पांढऱ्या कागदावर ठेवा. ती सरळ चालायला लागते, आणि चालतानाच पाठ सपाट असते. कागद आलेखाचा असेल तर दुधात साखर: एक मिलिमीटरचे चौकोन असतात, अळीची लांबी फोटोतच मोजून होते.

भिंगवाला
आलेख कागदाचा आणखी उपयोग. रिंग शेवटपर्यंत फिरवून त्याचा फोटो काढा आणि आडवे चौकोन मोजा. 47 आले तर 1:2, साडेतेवीस आले तर 1:1. कागद 45 अंशांत तिरका ठेवून काढला तर किती रेघा शार्प आहेत ते बघून डेप्थचाही अंदाज येतो.
आणि व्ह्यूफाइंडरशेजारची बारीक चक्री फिरवून आतले आकडे तुमच्या डोळ्याला स्वच्छ दिसतायत ना, ते आधी तपासा. ती हललेली असेल तर डोळ्याला शार्प वाटतं आणि फोटो धूसर येतो, आणि बिचाऱ्या लेन्सवर आळ. ट्रायपॉड असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये भिंगाचं बटण दाबून डोकं मोठं करून जुळवा, तेच सगळ्यात खात्रीचं.

बीडचा_भुंगा
आता गंभीर प्रश्न. ज्याच्याकडे ही लेन्स नाही, साधी 50 मिमी एफ/1.8 आहे, त्यानं काय करावं?

भिंगवाला
गंभीर भुंगा! मग गंभीर उत्तर. रिव्हर्स रिंग घ्या, लेन्सच्या फिल्टरच्या आट्यांच्या मापाची. लेन्स उलटी लावली की 50 मिमी 1:1 च्या जवळपास जाते, 28 मिमी उलटी लावली तर दुप्पटही ओलांडते. जितकी कमी फोकल लेंग्थ, तितकं जास्त मॅग्निफिकेशन.
अडचण अ‍ॅपर्चरची. निकॉनच्या ज्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग असते, ती उलटी लावली तरी हाताने एफ/8 करता येते. ‘जी’ (G) मालिकेच्या लेन्सला रिंग नसते, ती कॅमेऱ्यापासून सुटली की पूर्ण मिटते. मागची बारीक दांडी कागदाच्या घडीने अडकवून थोडी उघडी ठेवावी लागते. कॅननच्या ईएफ लेन्सला: आधी सरळ लावून एफ/8 ठेवा, डेप्थ प्रीव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि तसंच लेन्स काढा. पाती तिथेच राहतात.
उलट्या लेन्सचं मागचं भिंग उघडं पडतं. खरिपात चिखल, उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ. झाकण खिशात ठेवा.

लातूर_लाइव्ह
आणि मोबाइल? गावात कॅमेरा किती जणांकडं आहे? दोन-तीनशेचं क्लिपचं भिंग लावलं की ठिपके दिसतात. एवढा खटाटोप कशाला?

नांदेडी
ओळखीपुरतं दिसतात, खरंय. फक्त मोबाइलचा "मॅक्रो" नावाचा वेगळा कॅमेरा वापरू नका, बऱ्याच स्वस्त फोनांत तो दोन मेगापिक्सेलचा असतो. क्लिप मुख्य कॅमेऱ्यावर लावा. कडेला चित्र फाटतं, म्हणून ठिपके मधोमध ठेवा.

भिंगवाला
लातूरकर, अळीपुरतं तुमचं मान्य. पण कपाशीवरचा तुडतुडा तीन मिलिमीटरचा, पंखांवर एकेक काळा ठिपका. फुलकिडे एक मिलिमीटरच्या आसपास, लाल कोळी त्याहून निम्मा. तिथे क्लिप हात टेकते.

मोसंबीवाला
लाल कोळी म्हंजी मृगाचा किडा का?

परभणीची_पोर
नाही दादा. मृगाचा मखमली लाल किडा मोठा असतो, पहिल्या पावसानंतर जमिनीवर दिसतो आणि पिकाला काही करत नाही. पिकावरचा लाल कोळी डोळ्यांना जेमतेम दिसतो, पानाच्या मागे जाळी करून राहतो. तुमच्या मोसंबीच्या पानावर पांढुरके बारीक टिपके पडले की मागे बघा.

मका_भोकरदन
सगळ्यांचे आभार. ट्यूब काढली, खोक्याचा डिफ्यूझर केला, 1/160, एफ/8, फ्लॅश 1/16. आलेख कागदावर अळी 34 मिमी भरली आणि शेवटून दुसऱ्या खंडावरचे चार ठिपके चौरसात स्पष्ट आले. वायही दिसतोय. आता दोन प्रश्न उरले. पानावरच्या अंड्यांच्या पुंजक्याला ट्यूब लावू का? आणि ग्रुपवर टाकलेला फोटो समोरच्याला धूसर का दिसायलाय?

भिंगवाला
अंड्यांना ट्यूब हवीच. एकेक अंडं अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं, आणि ती पळत नाहीत हा मोठा फायदा. पान तोडून सपाट ठेवा, ट्रायपॉड, एफ/5.6, लाइव्ह व्ह्यू. 1:1 ला एफ/5.6 वर डेप्थ 0.45 मिमीच्या आसपास, म्हणून दर फ्रेमला 0.3 मिमी पुढे सरकत आठ-दहा फ्रेम घ्या आणि हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये जोडून एकच फोटो करा. सरकायला फोकसिंग रेल (कॅमेरा केसभर पुढे-मागे सरकवणारी पट्टी) लागेल. ती नसेल तर इथे, आणि फक्त इथेच, रिंग केसभर फिरवायला हरकत नाही.

रानवाट
बघा, शेवटी रिंग फिरवलीच.

परभणीची_पोर
पुंजक्यावर करड्या-पांढऱ्या केसांचं लुसलुशीत आवरण असतं, तेही ओळखीला लागतं. पुसून काढू नका. आणि फवारणी झालेल्या शेतात लगेच शिरू नका, पोंग्यात तोंड घालून बसायचं काम आहे हे.

नांदेडी
ग्रुपचं उत्तर: व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. 6000 पिक्सेलची फ्रेम तशीच टाकली की बारीक तपशील तिथेच मेला. आधी कापून घ्या, एक तुकडा डोक्याचा, एक शेवटच्या खंडांचा, एक अख्ख्या अळीचा आलेख कागदासकट. मग फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत गावाचं नाव, पेरणीची तारीख आणि पीक किती पानांवर आहे ते लिहा, नाहीतर कृषी सहायकांचा पहिला फोन त्यासाठीच येईल.

मोसंबीवाला
सोयाबीनच्या अळ्यांचा धागा काढलाय. ताई, तिकडं या.